प्रागहून एका दिवसात कुठे जावं? (डिसेंबरअखेर, सोबत सासू-सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा)

मुलुंडची_सई

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही प्रागला नणंदेकडे चाललोय. व्हिसा हातात आलाय, तिकिटं झालीत, आता फक्त भांडणं उरलीत. नणंदेला आणि तिच्या नवऱ्याला २७-२८ला सुट्टी नाही, म्हणून त्यातला एक दिवस आम्ही पाचजणांनी आपलं आपण एखाद्या जुन्या छोट्या गावात जाऊन रात्री परत यायचं ठरलंय. गाव मात्र ठरत नाहीये.

नवऱ्याला चेस्की क्रुमलोव्ह हवंय, कारण त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी बर्फातले फोटो टाकलेत. लेकाने हाडांच्या झुंबराचा व्हिडिओ पाहिलाय, तेव्हापासून घरात कुत्ना होराशिवाय दुसरा विषय नाही. सासूबाई म्हणतात, "एवढा खर्च करून परदेशात जायचं आणि तिथे मेलेल्या माणसांची हाडं बघायची? वर रात्री घरी येऊन त्या थंडीत मी आंघोळ करू?" सासऱ्यांचं (७४, एक गुडघा बदललेला, सपाटीवर दणदणीत चालतात, जिने मात्र हळू) म्हणणं एवढंच की कुठेही न्या, जेवण वेळेवर द्या.

तर प्रश्न असे. या दिवसांत तिथे खरंच काही उघडं असतं का? हाडांचं ते प्रकरण लहान मुलाला दाखवण्यासारखं आहे का? सासूबाई पूर्ण शाकाहारी, सासरे मासे खातात, बीफ-पोर्क दोघांनाही नको. त्यांच्या जेवणाचं काय? आणि आमच्या अख्ख्या घराने महाबळेश्वरपलीकडची थंडी पाहिलेली नाही, तर कपडे किती आणि कुठून घ्यायचे? ज्यांनी स्वतः हिवाळ्यात केलंय त्यांनी सांगा प्लीज. यूट्यूब बघून बघून डोकं उठलंय.

लोकल_सोडून_सगळं

क्रुमलोव्ह सुंदर आहे यात वाद नाही. नदीने गावाला असा काही वळसा घातलाय की वरून बघत राहावं. पण प्रागपासून ते १७० किलोमीटरच्या आसपास आहे, बसने एका बाजूला तीन तास धरा. डिसेंबरात तिकडे आठला उजाडतं आणि चारला सूर्य मावळतो. म्हणजे अंधारात निघायचं, अंधारात परतायचं आणि मधल्या उजेडातला मोठा भाग बसच्या खिडकीत. शिवाय हिवाळ्यात वाड्याच्या आतल्या मुख्य टूर्स बहुतेक बंद असतात, मनोरा तेवढा चढता येतो, आणि मनोरा म्हणजे जिने. नवऱ्याला सांग, क्रुमलोव्हला एक रात्र राहायचं असेल तरच जावं. आजी-आजोबांना घेऊन जाऊन-येऊन करण्यातलं ते गाव नाही.

टांकसाळकर

सई, मी अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल. ती नवऱ्याच्या नोकरीमुळे प्रागला होती, तेव्हा आम्ही दोघं जानेवारीत तिच्याकडे जाऊन राहिलो होतो. माझी सगळी नोकरी फोर्टातल्या टांकसाळीत गेली. त्यामुळे कुत्ना होराबद्दल मी जे सांगेन ते थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

तू कुत्ना होरालाच जा. पण हाडांसाठी जाऊ नकोस. तिथे बसा भरभरून लोक येतात, हाडं बघतात, बाहेर येऊन कॉफी पितात आणि प्रागला परत. अरे, ज्या चांदीवर ते गाव उभं राहिलं ती बघायला कोणाला वेळच नाही! अस्थिगृह म्हणजे एक लहानसं तळघर आहे, वीस मिनिटांत बघून होतं. उरलेला दिवस चांदीचा धागा पकडून फिरलीस तर गाव समजेल.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सेडलेत्सच्या (गावाला लागूनचा भाग, अस्थिगृहही तिथेच) मठाच्या जमिनीत चांदी सापडली. राजा दुसरा वेन्सेस्लास याने १३०० साली राज्यातली विखुरलेली नाणी पाडणं बंद करून सगळं काम या गावात आणलं. फ्लॉरेन्सहून जाणकार बोलावले आणि चांदीचा ग्रोशन पाडायला सुरुवात केली. तो चालला १५४७पर्यंत, मध्य युरोपभर. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांचा सिंह. आणि नाण्यावर नाव कोणाचं? प्रागचं! खाणीत मेली कुत्ना होराची माणसं, घण मारून बहिरी झाली कुत्ना होराची माणसं, नाव राजधानीचं. आमच्याकडे निदान खूण तरी असते. तुझ्या पाकिटातल्या एखाद्या नाण्यावर सालाखाली चौकटच्या पत्त्यासारखा बारीक ठिपका दिसला तर ते मुंबईत पडलेलं समज.

ती टांकसाळ म्हणजे आजचा इटालियन कोर्ट. आत टूरवरच सोडतात. चौकात उभं राहिलं की भिंतीत बुजवलेल्या जुन्या दारांच्या खुणा दिसतात; त्यांच्यामागे एकेक कार्यशाळा होती. नाणं कसं पाडत ते करून दाखवतात. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात घट्ट रोवलेला, त्यावर चांदीची चकती, वरचा ठसा डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हाताने घण. मी गाइडला म्हटलं, जरा बघू द्या. ठसा हातात घेतला तर डोक्याकडची कड मार खाऊन खाऊन फुलासारखी बाहेर उलटलेली. आमच्याकडे प्रेसचा ठसा झिजला की तो बदलायचा, नोंद करायची, जुना समक्ष नष्ट करायचा. इथे झीज सगळी वरच्या ठशाला, कारण घणाचा मार त्यालाच. खालचा त्यामानाने टिकतो. गाइड म्हणाली, इथल्या कामगारांना काही वर्षांनी ऐकू येत नसे. मी सौ.कडे बघितलं, ती हसत होती. आमच्या प्रेसवरचे निम्मे लोक निवृत्त होईपर्यंत घरीसुद्धा ओरडूनच बोलायचे.

हीच जागा पुढे राजवाडाही झाली. १४०९ साली प्राग विद्यापीठात कोणाला किती मतं हा मोठा वाद पेटला होता, त्याचा निकाल देणारा राजाचा हुकूम इथून सुटला. १४७१ साली व्लादिस्लाव यागेलोन याची राजा म्हणून निवड इथेच झाली. टांकसाळ जिथे, दरबार तिथे. पैसा पाडणाऱ्याच्या शेजारी राहण्यातली सोय राजांना बरोबर कळते.

आता चर्च. संत बार्बरा ही खाणकामगारांची पाठीराखी. तिचं चर्च १३८८ला सुरू झालं, गावकऱ्यांच्या आणि खाणवाल्यांच्या पैशाने. बांधलं मुद्दाम गावकुसाबाहेर, कारण आत बांधलं असतं तर सेडलेत्सच्या मठाची हुकमत आली असती. हुसाइट युद्धांत (धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या लढायांत) काम साठेक वर्षं ठप्प, मग पुन्हा सुरू. तोवर चांदी कमी होत चाललेली. ओसेल नावाची त्यांची खाण पाचशे मीटर खोल गेली होती. तेवढ्या खोलातून पाणी आणि खनिज वर काढायचं, तेही माणसाच्या आणि घोड्याच्या जोरावर, हे परवडणार किती दिवस? ग्रोशनचा कसही उतरत गेला. आणि १५५८ला चर्चचं काम पैशाअभावी थांबलं. अर्ध्यावरच भिंत घालून बंद केलं. पुरं झालं १९०५ला. आपल्याला नाण्याचा कस काढताना जे आकड्यांत दिसतं ते त्या गावाने दगडात लिहून ठेवलंय.

आत गेलीस की आधी टांकसाळवाल्यांचं चॅपल शोध. भिंतीवर जुनं चित्र आहे, त्यात माणसं बसून नाणी पाडताहेत. सगळे वर छताकडे, कमानींची जाळी बघत पुढे जातात, या चित्रापाशी कोणी थांबत नाही. मी थांबलो. त्यातल्या एकाचा घण वर उचललेला आहे आणि बसण्याची ढब अगदी बरोबर आहे. ज्याने काढलंय त्याने काम प्रत्यक्ष पाहिलेलं असणार. पांढऱ्या अंगरख्यातल्या खाणकामगाराचा पुतळाही आहे, तो मुलाला दाखव. चर्च आतून बाहेरच्याइतकंच गार असतं, टोपी-हातमोजे काढू नका.

आता तुझ्या सासूबाई. आमची सौ.ही त्याच गोत्रातली. अस्थिगृहाच्या दारात तिने विचारलं, "चपला काढायच्या का?" नाही म्हटल्यावर ती गोंधळली. देऊळ म्हणावं तर चपला चालतात, स्मशान म्हणावं तर तिकीट आहे! थोड्या पायऱ्या उतरून आत गेलो. गोष्ट अशी सांगतात की १२७८ साली मठाधिपती जेरुसलेमहून गोल्गोथाची (येशूला सुळावर दिलं ती टेकडी) मूठभर माती घेऊन आला आणि ती इथल्या दफनभूमीत टाकली; मग जो तो म्हणू लागला, मला इथेच पुरा. त्यात प्लेगची साथ आली, मग युद्धं. जागा पुरेना, जुनी हाडं काढून रचून ठेवली. १८७० साली फ्रांतिशेक रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्याला जमीनदार श्वार्झेनबर्ग घराण्याने काम दिलं आणि त्याने झुंबर, हंड्या, मालकांचं राजचिन्ह, सगळं हाडांचं केलं. निदान चाळीस हजार माणसांची हाडं आहेत म्हणतात. भिंतीवर स्वतःचं नावही हाडांतच लिहून ठेवलंय पठ्ठ्याने. सौ. म्हणाली, "मजुरी मिळाली ना त्याला, मग सही कशाला?" रात्री घरी येऊन गरम पाण्याने आंघोळ केलीच तिने. तिकडच्या घरांत गरम पाण्याला तोटा नसतो, सासूबाईंना खुशाल सांग. आणि आत यायचंच नसेल तर जवळच सेडलेत्सचं मोठं कॅथीड्रल आहे, आतून प्रकाशाने भरलेलं, दोघांनी तिथे बसावं. (मधला जुना मठ म्हणजे आता सिगारेटचा कारखाना आहे. मठवाले बघत असतील तर काय म्हणतील कोण जाणे.)

मुलाला आधीच बजावून ठेव, आत फोटोला बंदी आहे. २०२०पासून आधी परवानगी काढल्याशिवाय कोणालाही फोटो काढू देत नाहीत. लोक कवट्यांना टोप्या घालून सेल्फी काढायला लागले, मग काय करतील?

जाण्याचं सांगतो. प्रागच्या मुख्य स्टेशनावरून थेट गाडी, साधारण तास लागतो. कुत्ना होराच्या मुख्य स्टेशनावर उतरलं की गाव अजून लांब असतं. समोर एक छोटी डब्याची गाडी उभी असते, ती सेडलेत्सला थांबून पुढे गावातल्या स्टेशनापर्यंत जाते. प्रागहून तिकीट काढतानाच गावातल्या स्टेशनापर्यंतचं काढ. आठच्या सुमाराची गाडी धर, सेडलेत्स आधी उरक, कारण टूरच्या बसा नंतर येतात. तिथलं तिकीट दारात मिळत नाही, आधी माहिती केंद्रातून घ्यायचं. बार्बराचंही एकत्र घेता येतं. मग बस किंवा टॅक्सीने थेट बार्बराला. तिथून जेझुइट कॉलेजच्या कठड्याकडेने, पुतळ्यांच्या ओळीतून, उतरत उतरत इटालियन कोर्टला. या दिशेने गेलं की चढ लागत नाही, गुडघ्याला बरं. फरसबंदी मात्र गोटीव दगडांची आहे आणि सकाळी दव गोठून गुळगुळीत होते. काठी असू दे.

पार्ल्याची_डॉक्टरीण

काकांचं वर्णन मस्तच, पण ७४ वर्षांचे गृहस्थ, बदललेला गुडघा आणि गोठलेली फरशी हे वाचून माझ्यातली डॉक्टर जागी झाली. कार्लोव्ही व्हारीचा विचार कोणीच का केला नाही? बसने दोन तासांच्या थोडं वर. गाव नदीच्या दोन्ही काठांनी लांबट पसरलंय, मुख्य रस्ता जवळपास सपाट. छतांच्या ओळींखाली गरम पाण्याचे झरे आहेत, सगळ्यात गरम झरा ७३ अंशांचा, बारा मीटरपर्यंत उसळतो. लोक चोचीचे चिनीमातीचे कप घेऊन घोट घोट पीत हिंडतात. आपली वज्रेश्वरीची कुंडं, पण सुटाबुटातली. थंडीत गरम कप हातात धरून फिरायला वयस्कर माणसांना फार आवडतं.

फक्त पाणी एक-दोन घोटच प्या! ते पोट साफ करण्यासाठीच प्रसिद्ध आहे आणि परतीची बस दोन तासांची आहे. याहून जास्त स्पष्ट लिहीत नाही.

कपड्यांबद्दल. एक जाड कोट घेण्यापेक्षा थर करा. अंगालगत थर्मल (सुती बनियन नको, घाम धरतो आणि मग गार पडतो), वर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यावर वारा अडवणारं जॅकेट. परळला हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले बसतात, लोकरीचे मोजे-टोप्या तिथे स्वस्तात होतील. आजी-आजोबांचे बूट इथेच घ्या आणि लोकरी मोजे घालूनच मापाला द्या; घट्ट बुटात पाय जास्त गार पडतो. सासूबाई साडीच नेसणार असतील तर आत थर्मलची पँट आणि पायात बूट, हे आधीच कबूल करून घ्या. विमानतळावर चर्चा नको. सासऱ्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या असतील तर त्या हातातल्या बॅगेत.

मुलाबद्दल विचारलंस म्हणून सांगते. नऊ वर्षांची मुलं हाडांना घाबरत नाहीत, मोठी माणसं कुजबुजायला लागली की घाबरतात. ही खरी माणसं होती, आजाराने आणि लढायांत गेली, एवढं आधी सरळ सांग. झुंबरात माणसाच्या शरीरातलं प्रत्येक प्रकारचं हाड आहे असं म्हणतात. त्याला मांडीचं, खांद्याचं, कंबरेचं हाड ओळखायला लाव. अभ्यासही होईल.

मुलुंडची_सई

सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्री जेवताना टांकसाळकर काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सासरे बँकेतून निवृत्त झालेत; "कस उतरत गेला" ऐकल्यावर त्यांनी पान बाजूला सारलं आणि म्हणाले, आपण हेच बघायचं. सासूबाई कॅथीड्रलमध्ये बसायला तयार आहेत, पण "पाहिलं तर पाहिलं" असंही पुटपुटल्या, म्हणजे येतील. नवरा हिरमुसलाय. डॉक्टर ताई, कार्लोव्ही व्हारी नणंदेबरोबर रविवारी जमवतोय, घोटांचं लक्षात ठेवते.

काका, तीनच गोष्टी. खाणीत उतरता येतं असं वाचलं, ते २७ला चालू असेल का? इटालियन कोर्टात मुलाला स्वतः नाणं पाडू देतात का? आणि जेवण राहिलंच!

टांकसाळकर

खाण त्या दिवसांत बंद. चांदीचं संग्रहालय आणि त्याखालची खाण, दोन्ही डिसेंबरपासून मार्चअखेर बंद असतात. एका अर्थी बरंच झालं. आत अरुंद, बुटकं आणि ओलं असतं, सासऱ्यांना नसतंच जमलं. मुलाला पांढरा अंगरखा आणि हेल्मेट घालून फिरायला मिळालं असतं, तेवढं हुकलं.

नाण्याचं म्हणशील तर टूरच्या माणसाला विचार, बहुधा घण हातात देतात. मुलाला सांग, अर्धवट दोनदा मारायचं नाही. दुसरा ठोका पडताना चकती सरकलेली असते आणि छाप दुहेरी उमटते. एकच ठोका, सरळ आणि खांद्यातून. जुनं नाणं म्हणून बाजारात काही घेऊ नकोस, दुकानात मिळतात त्या नकला असतात आणि त्या नकला म्हणूनच घ्याव्या.

जेवणाचं आधी शाकाहारी. किसलेल्या बटाट्याचं लसूण घातलेलं धिरडं मिळतं, ब्रांबोराक म्हणतात, सासूबाईंना आवडेल. तळलेलं चीज आणि बटाटे जवळजवळ सगळीकडे मिळतात. सूप मात्र विचारून घ्या, नाव लसणाचं असतं आणि पाणी मांसाचं. स्विच्कोव्हा आणि गुलाश दोन्हीला हात लावायचा नाही, पहिलं बीफच, दुसरं बहुतेक वेळा. थेपले डब्यात असू देत, माझ्या सौ.चे गाडीतच संपले. सासऱ्यांसाठी कार्प मासा आहे. नाताळाच्या आधी रस्त्यारस्त्यावर टबांत जिवंत कार्प विकायला बसतात, लोक रांगा लावून घेतात. तुम्ही पोचाल तोवर टब उठलेले असतील, पण हॉटेलांत मिळेल. गोड्या पाण्याचा मासा आहे आणि काटे पुष्कळ, पापलेटची अपेक्षा ठेवून मागवू नका.

जेवायला दीडच्या आत बसा, म्हणजे इटालियन कोर्टची दुपारची टूर उजेडात सापडेल. हिवाळ्यात दारं लवकर लागतात, वेळा आदल्या दिवशी नणंदेकडून साइटवर बघून घे. परतीला गावातल्या स्टेशनावरून तीच छोटी गाडी, मग मोठी. आणि युरोवर विसंबू नकोस, तिकडे कोरुना चालतात. थोडी सुटी नाणी खिशात ठेव, शौचालयाला बऱ्याच ठिकाणी लागतात.